थंडीतली रोपे आणि कुंडीतली झाडे : वाचकांचे प्रश्न

तुळशीचे लग्न लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. पावसाळाभर गोगलगाई, कुजलेली मुळे आणि वाहून गेलेली माती यांविषयी लिहिणारे वाचक मार्गशीर्ष उजाडताच ‘बी उगवत नाही’, ‘झाड वाढायचे थांबले’, ‘पाने पिवळी पडली’ असे कळवू लागतात. या पत्रांपैकी काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. त्याआधी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. आपल्याकडच्या थंडीने गोठून मेलेली झाडे फार थोडी असतात. ऊन कमी झालेले असते, झाडाची तहान कमी झालेली असते आणि तरीही आपण ऑक्टोबरमधल्याच हाताने पाणी आणि खत देत राहतो, त्यामुळे दगावलेली झाडे कितीतरी जास्त असतात. म्हणून थंडीत रोज सकाळी कुंड्यांपाशी गेल्यावर कोणते झाड जागे आहे आणि कोणते विश्रांती घेत आहे, एवढे आधी पाहावे. पुढची बहुतेक उत्तरे या एका निरीक्षणाला धरूनच आहेत.

प्रश्न (नाशिक) : नोव्हेंबरच्या अखेरीस गच्चीवर एकाच दिवशी कोबी, टोमॅटो आणि मिरची यांचे बी ट्रेमध्ये पेरले. कोबी आठवडाभरात उगवली. टोमॅटोची चारपाच रोपे पंधरा दिवसांनी वर आली आणि मिरचीचे एकही बी वीस दिवस उलटले तरी उगवलेले नाही. शिवाय उगवलेली टोमॅटोची रोपे मातीलगत बारीक होऊन एकेक आडवी पडत आहेत. बी खराब होते का?

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून बी खराब असल्याचे दिसत नाही. तिन्ही पिकांची उगवणीसाठीची उबेची गरज वेगवेगळी आहे आणि आपण त्यांना एकाच थंड गच्चीवर ठेवले, एवढेच झाले आहे. मातीचे तापमान सतत २५ अंश सेल्सिअस असेल तर टोमॅटो साधारण सहा दिवसांत आणि मिरची आठ दिवसांत उगवते. २० अंशांवर हाच काळ अनुक्रमे सुमारे आठ आणि तेरा दिवसांवर जातो. १५ अंशांवर टोमॅटोला दोन आठवडे आणि मिरचीला साडेतीन आठवड्यांच्या आसपास लागतात. कोबी, फुलकोबी, मुळा ही मुळातच थंड हवेतली पिके असल्याने त्यांना १५ अंशांतही फारशी अडचण येत नाही. आपण नाशिकला आहात. निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली उतरल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचत असाल. त्या परिसरातल्या उघड्या गच्चीवर, चार बोटे उंचीच्या ट्रेमधले माती-खताचे मिश्रण रात्रभर हवेइतकेच थंड होते, आणि सकाळचे ऊन त्याला पुन्हा गरम करीपर्यंत निम्मा दिवस निघून जातो.

यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. मटकीला मोड आणतो तसेच मिरचीच्या आणि टोमॅटोच्या बियांना मोड आणावेत. जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा स्वच्छ तुकडा ओला करून घट्ट पिळावा, त्यावर बिया एकमेकींना न चिकटतील अशा मांडाव्यात, घडी घालून तो तुकडा झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि थंडीत आपण विरजणाचे भांडे ज्या उबदार कोपऱ्यात ठेवता त्याच कोपऱ्यात हा डबा ठेवावा. रोज एकदा उघडून पाहावे. कापड सुकत असेल तर दोन थेंब पाणी शिंपडावे. बियांना दोनतीन मिलिमीटर पांढरे टोक फुटले की लगेच त्या मिश्रणात लावाव्यात. मूळ याहून लांब होऊ दिले तर ते उचलताना मोडते किंवा कापडाच्या धाग्यांत शिरते. लावताना बी त्याच्या जाडीच्या दोन ते तीन पट खोल जावे, त्याहून अधिक नको. मोड आलेले बी लावलेला ट्रेही पहिले कोंब दिसेपर्यंत घरातच ठेवावा. मात्र कोंब दिसले की त्याच दिवशी, उद्यावर न ढकलता, तो उजेडात न्यावा.

आता आडव्या पडणाऱ्या रोपांविषयी. मातीलगतचा देठ पाणचट होऊन बारीक होणे आणि वरचे पान हिरवे असतानाच रोप लोळणे, याला रोप कोलमडणे म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या मातीतल्या बुरशींमुळे तो रोग होतो. थंड आणि सतत ओल्या मिश्रणात रोप संथ वाढते, त्यामुळे ज्या कोवळ्या वयात ही बुरशी त्याला गाठू शकते ते वय लांबते. कोलमडलेले रोप परत उभे राहत नाही, तेव्हा ती रोपे आसपासच्या चमचाभर मिश्रणासह काढून टाकावीत. उरलेल्या ट्रेला पाणी वरून झारीने न देता, पसरट ताटात बोटभर पाणी घेऊन त्यात ट्रे वीस मिनिटे ठेवून खालून शोषू द्यावे, मग ताटातले पाणी ओतून द्यावे. पुढचे पाणी मिश्रणाचा वरचा थर फिका दिसू लागल्याशिवाय देऊ नये. ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी कृषी सेवा केंद्रात भुकटीच्या रूपात मिळते. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम मिसळून ते पाणी निरोगी रोपांच्या बुडाशी द्यावे. मात्र ती रोग येण्याआधी दिली तर खरी कामाला येते, आणि ती दिली म्हणून जास्तीच्या पाण्याला माफी मिळत नाही.

पुढच्या वेळी बागेतली माती ट्रेमध्ये मुळीच वापरू नये. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग चाळलेले गांडूळखत हे मिश्रण पुरेसे होते. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट भिजल्यावर आठनऊ लिटर होते, म्हणजे घरच्या हंगामाला एक वीट पुष्कळ झाली. पण ती भिजवल्यावर निदान दोन वेळा पाणी बदलून पिळून घ्यावी, कारण स्वस्त विटांमध्ये क्षार बरेच असतात आणि कोवळ्या मुळांची टोके त्यांनी करपतात. बी दाट पेरण्याचा मोह टाळावा. एका कप्प्यात दोन बिया टाकून, दोन्ही उगवल्या तर एक रोप कात्रीने मातीलगत कापावे. उपटल्यास शेजारच्या रोपाची मुळे हलतात.

प्रश्न (ठाणे) : आमची बाल्कनी उत्तरेकडे आहे. जूनमध्ये याच जागी रोपे उत्तम झाली होती. आता मात्र टोमॅटोची आणि झेंडूची रोपे वीतभर उंच, काटकुळी आणि फिकट होऊन एका बाजूला झुकतात. खत कमी पडते का?

उत्तर : खत देऊ नये, ऊन नसताना नत्र दिल्यास ही रोपे आणखी लांबतील. आपल्या बाल्कनीतून सूर्य गेला आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत ठाण्यात भरदुपारीसुद्धा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो आणि सकाळ-संध्याकाळ तर तो स्पष्टच उत्तरेकडून येतो, म्हणून जूनमध्ये ढगांमधून का होईना आपल्याला थेट ऊन मिळत होते. २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडे सरकतो आणि २१ मार्चपर्यंत नेमक्या उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर त्याचा एकही थेट किरण पडत नाही. २२ डिसेंबरला ठाण्यात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच असतो. त्या वेळी इमारतीची सावली तिच्या उंचीच्या जवळजवळ इतकीच लांब, उत्तरेकडे पडते. हीच गोष्ट गच्चीवर बाग असणाऱ्यांनीही लक्षात घ्यावी, कारण पाण्याच्या टाकीच्या आणि जिन्याच्या खोलीच्या उत्तरेला ठेवलेल्या कुंड्या या दिवसांत सावलीत जातात. दक्षिणेकडच्या बाल्कनीत मात्र नेमके उलटे घडते. उन्हाळ्यात जिथे कठड्यापलीकडे ऊन येत नाही, तिथे डिसेंबरात ते आतल्या भिंतीपर्यंत पोहोचते.

आपल्याला दक्षिणेची एखादी खिडकी किंवा सोसायटीच्या गच्चीचा कोपरा मिळत असेल तर ट्रे तिथे हलवावा. तेही शक्य नसेल तर साधी पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या शेंड्यापासून वीतभर उंचीवर टांगून रोज चौदा तास लावावी. त्यासाठी महागडे जांभळे दिवे घेण्याची गरज नाही. रोपे जशी वाढतील तशी ट्यूब वर घ्यावी, कारण ती छताला टांगली तर तिचा रोपांना काहीही उपयोग होत नाही.

सध्याची टोमॅटोची रोपे टाकून देऊ नका. टोमॅटोच्या खोडाला मातीत गाडलेल्या भागावर नवी मुळे फुटतात, त्यामुळे खालची पाने खुडून, देठ वरच्या पानांच्या चौकडीपर्यंत मातीत जाईल अशा बेताने रोप लावल्यास लांबुडके रोपसुद्धा सावरते. झेंडूलाही अशीच मुळे फुटतात, त्यामुळे तो थोडा खोल लावायला हरकत नाही. मिरचीच्या आणि वांग्याच्या बाबतीत मात्र दलपत्रांच्या, म्हणजे बी उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन पानांच्या, खुणेपलीकडे जाऊ नये. रोपे उन्हात नेताना एकदम दिवसभराच्या उन्हात ठेवू नयेत. पहिल्या दिवशी सकाळचा तासभर, मग रोज थोडे वाढवत आठ दिवसांत पूर्ण ऊन, आणि या आठ दिवसांत पाणी किंचित आखडते, असे करून रोपे काटक करावीत. या आठवड्याला फार लोक टाळतात आणि मग पांढरी पडलेली पाने पाहून रोगाची औषधे शोधतात.

प्रश्न (पुणे) : मागच्या नाताळात आणलेल्या पानसेटियाची लाल पाने मार्चमध्ये गळली. झाड वर्षभर छान हिरवे वाढले आहे. पण डिसेंबर आला तरी एकही पान लाल झालेले नाही. झाड बाल्कनीत दिव्याखाली आहे.

उत्तर : आपल्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यात उत्तर आहे. पानसेटिया रात्रीची लांबी मोजतो. सलग दीड ते दोन महिने रोज बारा तासांहून लांब, अखंड काळोखाची रात्र मिळाली तरच त्याच्या शेंड्याची पाने रंग धरतात. पुण्यात ऑक्टोबरपासून रात्र आपोआप पुरेशी लांब होते आणि डिसेंबरच्या अखेरीस ती सुमारे तेरा तासांची असते, म्हणून अंगणाच्या अंधाऱ्या कोपऱ्यातला पानसेटिया कुणी काही न करता लाल होतो. बाल्कनीतला दिवा किंवा रस्त्यावरचा खांब रात्री अकरापर्यंत त्याच्यावर पडत राहिला तर झाडाच्या लेखी रात्र सुरूच होत नाही. अजूनही रंग आणता येईल. रोज संध्याकाळी पाच वाजता झाडावर मोठा खोका उपडा घालावा, सकाळी आठला काढावा आणि दिवसा त्याला भरपूर ऊन द्यावे. हे न चुकता केल्यास फेब्रुवारीत आपल्याला लाल पाने दिसतील. मधल्याच एखाद्या रात्री दिवा लागला तर बराच काळ मागे जावे लागते, म्हणून नियम मोडू नये.

शेवंतीलाही हेच लागू आहे, आणि मला दरवर्षी ‘शेवंतीला कळ्याच नाहीत’ असे लिहिणाऱ्या वाचकांनी आधी आपल्या दिव्यांची जागा पाहावी अशी माझी विनंती आहे. ज्यांची शेवंती फुलून गेली आहे त्यांनी वाळलेले दांडे मातीपासून चार बोटांवर कापावेत. बुडाशी आलेले मुळांसह फुटवे जानेवारीअखेर वेगळे करून छोट्या कुंड्यांत लावावेत. पुढच्या वर्षीची शेवंती त्यांच्यापासूनच होते.

प्रश्न (नागपूर) : गच्चीवरच्या वृंदावनातली तुळस दरवर्षी डिसेंबरात काळवंडते आणि संक्रांतीपर्यंत काड्या उरतात. शेजारचा कढीपत्ताही पिवळा पडतो. दोघांनाही गांडूळखत आणि ताक घालत आहे.

उत्तर : खत आणि ताक दोन्ही आजच थांबवावे. तुळस उष्ण हवेतली आहे. रात्रीचे तापमान दहा अंशांखाली गेले की तिची पाने काळी पडून गळू लागतात, आणि नागपुरात असा गारठा डिसेंबर-जानेवारीत वरचेवर येतो. त्यात आपले वृंदावन उघड्या गच्चीवर आहे. निरभ्र रात्री उघड्या आकाशाखालची जमीन आणि पाने आपली ऊब वर सोडतात आणि आसपासच्या हवेहूनही थंड होतात, तर छपराखाली ही ऊब इतकी निघून जात नाही. म्हणून कुंडी हलवता येत असेल तर रात्रीपुरती ती छज्जाखाली किंवा दिवसभर उन्हाने तापणाऱ्या दक्षिणेच्या अथवा पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवावी. वृंदावन पक्के बांधलेले असेल तर चार काठ्या रोवून त्यांवर संध्याकाळी जुनी सुती चादर घालावी व सकाळी ऊन येताच ती काढून घ्यावी. प्लास्टिक पानांना टेकू देऊ नये, कारण त्याच्या आत साचलेले दव पानांवर गोठल्यासारखे गार होते आणि पाने तिथेच काळी पडतात.

दुसरे काम मंजिऱ्या खुडण्याचे आहे. बी धरू दिलेल्या तुळशीची ताकद बियांत जाते आणि थंडी सोसायला तिच्याकडे काही उरत नाही. कोवळ्या मंजिऱ्या नियमाने खुडाव्यात. मात्र दोनचार पिकू देऊन त्यांचे बी कागदी पुडीत ठेवावे आणि फेब्रुवारीच्या मध्यानंतर पेरावे. झाड वाचलेच नाही तरी त्याच झाडाची पुढची पिढी आपल्या अंगणात राहते. पाणी सकाळी, थोडे, आणि माती वरून सुकल्यावरच द्यावे. रोज पूजेचा तांब्याभर पाणी तुळशीला घालण्याची आपली रीत असेल, तर या दोन महिन्यांत ते पळीभर घालावे. रीतही राहील आणि मुळेही कुजणार नाहीत.

कढीपत्ता आजारी नाही, विश्रांतीत आहे. थंडीत त्याची पाने पिवळी होतात आणि बरीचशी गळतात. फेब्रुवारीत शेंड्यांवर लालसर कोंब दिसू लागले की फांद्यांचे शेंडे छाटावेत, वरची दोन इंच माती उकरून तिथे मूठभर शेणखत घालावे आणि मग पाणी वाढवावे. झोपलेल्या झाडाच्या कुंडीत ताक घातले की ते मुळांना न मिळता मातीतच आंबते. वर पांढरी बुरशी आणि भोवती चिलटे, हे मी अनेक घरी पाहिले आहे. अडेनियम आणि चाफा यांचीही पाने गळत असतील तर घाबरू नये. त्यांना दहापंधरा दिवसांतून एकदा घोटभर पाणी पुरते, आणि अडेनियमच्या बाबतीत तेवढेही कधी कधी जास्त होते.

प्रश्न (फोंडा, गोवा) : पातोळ्यांसाठी पाने मिळावीत म्हणून पोत्यात हळद लावली होती. आता पाने पिवळी पडून लोळली आहेत. पाणी वाढवावे का, आणि हळद केव्हा काढावी? काढल्यानंतर उरणाऱ्या मातीचे काय करावे?

उत्तर : पाणी वाढवू नये, उलट बंद करावे. आपण ती जूनच्या आसपास लावली असणार. आठनऊ महिन्यांत पाने पिवळी पडून आडवी होणे हीच हळद तयार झाल्याची खूण आहे. पाने पूर्ण वाळू द्यावीत, पाणी तोडल्यावर दोन आठवडे थांबावे आणि मग पोते आडवे करून माती हाताने मोकळी करावी. खुरप्याने खोदल्यास गड्डे कापले जातात आणि कापलेला गड्डा टिकत नाही. मधले जाड गड्डे पुढच्या लागवडीसाठी सावलीत, कोरड्या वाळूच्या थरांत ठेवावेत. बाजूची बोटे मऊ होईपर्यंत उकडून, कडक उन्हात दोन आठवडे वाळवली की घरची हळद कुटायला तयार होते.

आपल्या तिसऱ्या प्रश्नासाठी मी आपली विशेष आभारी आहे, कारण शहरांत दरवर्षी अशी माती कचऱ्यात जाते आणि नवी माती शेतातून खरवडून आणली जाते. पोत्यातली माती फरशीवर चार बोटे जाडीने पसरून आठदहा दिवस उन्हात वाळवावी, रोज एकदा उलथावी. त्यात जाड मुळे, हुमणीच्या पांढऱ्या अळ्या किंवा गोगलगाईंची अंडी दिसली तर वेचून काढावीत. बारीक मुळे राहू द्यावीत, ती कुजून मातीला पोकळी देतात. मग या मातीच्या तीन भागांत एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि दर बादलीमागे मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. हिवाळ्यात रस्तोरस्ती झाडून जाळला जाणारा पालापाचोळा ही तर फुकटची संपत्ती आहे. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी आपल्या प्रयोग परिवाराच्या माध्यमातून पालापाचोळ्यापासून घरच्या घरी कसदार माती घडवण्याचे काम कितीतरी लोकांच्या हातात दिले. आपण निदान पोत्याच्या तळाशी वीतभर पाचोळा दाबून घालावा आणि वर कुंडीच्या मातीवर त्याचे दोन बोटे आच्छादन करावे. थंडीत पाचोळा हळू कुजतो, म्हणून जूनमध्ये लागणारे खत आताच भरायला घ्यावे.

प्रश्न (सोलापूर) : हिवाळ्यात कुंड्यांना दिवसाआड पाणी द्यावे की दोन दिवसांआड? बोअरच्या पाण्याने कुंड्यांच्या काठावर पांढरा थर येतो.

उत्तर : दिवस मोजून पाणी देण्याची पद्धतच सोडावी. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालावे. तिथे ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. लहान कुंडी उचलून तिचे वजन हाताला ओळखीचे करून घेतले तर बोटही घालावे लागत नाही. एकाच ओळीतल्या पालकाला रोज आणि कोरफडीला तीन आठवड्यांनी पाणी लागू शकते. पाणी सकाळी आठनंतर द्यावे, कारण रात्रभर गारठलेले टाकीतले पाणी पहाटे मुळांवर ओतणे योग्य नाही, आणि संध्याकाळी दिलेले पाणी रात्रभर पानांवर राहून करप्यासारख्या रोगांना वाट देते.

पांढरा थर क्षारांचा आहे. तो खरवडून काढावा आणि महिन्यातून एकदा कुंडीच्या मापाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून खालच्या छिद्रातून वाहू द्यावे. त्यासाठी साठवलेले पावसाचे किंवा नळाचे पाणी मिळाले तर फार चांगले. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी लगेच ओतून द्यावे. आणखी एक सांगणे आहे : पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी काटकसर म्हणून झाडांना घालू नये. बोअरच्या पाण्यातले क्षार त्यात अधिक दाट झालेले असतात.

प्रश्न (कोल्हापूर) : गुलाबाची ऑक्टोबरची छाटणी राहून गेली. आता केली तर चालेल का? नव्या पानांवर पांढरी भुकटी पसरली आहे.

उत्तर : मोठी छाटणी आता करू नये. छाटणीनंतर फूल यायला सुमारे सहा ते सात आठवडे लागतात, आणि आज खोल छाटलेला गुलाब ऐन उन्हाच्या तोंडाशी फुलेल. वाळक्या, आत वळलेल्या आणि काळ्या पडलेल्या काड्या काढाव्यात. उमललेले फूल सुकले की त्याच्याखालच्या, पाच छोट्या पर्णिका असलेल्या पहिल्या संयुक्त पानाच्या वर, बाहेरच्या डोळ्याला धरून तिरका काप घ्यावा. कलमाच्या गाठीखालून आलेला फुटवा, जो सहसा वेगळ्या पानांचा आणि जोमाने वाढणारा असतो, तो बुडातून तोडावा; तो ठेवला तर दोन वर्षांत मूळचा गुलाब नाहीसा होतो.

पांढरी भुकटी म्हणजे भुरी. दिवसा ऊबदार आणि रात्री गार अशा हवेत ती झपाट्याने पसरते, आणि तिला ओल्या पानांची गरज लागत नाही. फार बाधित शेंडे खुडून टाकावेत, कुंड्यांमध्ये हातभर अंतर ठेवावे, आणि पाण्यात विरघळणारे ८० टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात सकाळी फवारावे. नीमतेल आणि गंधक यांच्या फवारण्यांमध्ये निदान दोन आठवड्यांचे अंतर असावे, नाहीतर पाने भाजतात. मावा दिसत असेल तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने दोनतीन दिवस धुऊन पाहावे. बहुतेक घरी तेवढ्यानेच काम होते. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाला मात्र जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने साबणाच्या पाण्यात घासूनच काढावे लागते.

प्रश्न (पुणे) : एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून किंवा रोपवाटिकेतून आणलेली फुललेली झाडे आठवड्यात मान टाकतात. घरी आणताच मी ती मोठ्या कुंडीत बदलते.

उत्तर : तेच करू नये. पेटुनिया, डायंथस, पॅन्सी यांसारखी झाडे हरितगृहातल्या सावलीत, रोजच्या मोजक्या खतपाण्यावर वाढलेली असतात. प्रवास, नवे ऊन आणि मोडलेली मुळे हे तिन्ही एकदम त्यांना सोसत नाही. आठवडाभर आहे त्या पिशवीतच अर्ध्या सावलीत ठेवावे, उमललेली फुले खुडून कळ्या ठेवाव्यात आणि मग मुळांचा गोळा न फोडता एकच माप मोठ्या कुंडीत बसवावे. प्रदर्शन जानेवारीअखेरीस असते, आणि ही फुले उन्हाळ्यापूर्वी संपणारी आहेत. तेव्हा एक हंगाम आनंद देणारी म्हणूनच ती आणावीत. वर्षानुवर्षे राहणारे काही हवे असेल तर तिथून मोगरा आणावा. त्याची थंडीतली विश्रांती त्या सुमारास संपत आलेली असते. घरी जुना मोगरा असेल तर जानेवारीत त्याचे पाणी आखडून पाने ओरबाडून काढावीत, फांद्या एकतृतीयांश छाटाव्यात आणि महिनाअखेर शेणखत घालून पाणी सुरू करावे, म्हणजे मार्चपासून कळ्या लागतात.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : कोबी, मटार, मेथी, गाजर हे सर्व कुंड्यांत चांगले आले आहे. आता पुढची पेरणी कशाची आणि केव्हा करावी?

उत्तर : मेथी, पालक, मुळा यांची आणखी एक पेरणी जानेवारीच्या मध्यापर्यंत करून घ्यावी, त्यानंतर पेरलेली मेथी आणि कोथिंबीर वाढत्या उन्हात लवकर फुलावर जाते. धणे पेरण्यापूर्वी पोळपाटावर हलके रगडून दोन फाकी कराव्यात आणि रात्रभर भिजवावेत, तरीही उगवायला दहा ते पंधरा दिवस लागतात, म्हणून आठव्या दिवशी कुंडी उकरून पाहू नये. गाजर रोप करून लावू नये. मूळ वाकडे होते. ते खोल कुंडीत थेट पेरून, बोटभर उंचीचे झाल्यावर विरळावे.

टोमॅटो, मिरची आणि वांगे यांची उन्हाळी रोपे जानेवारीतच, वर नाशिकच्या प्रश्नाच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे घरातल्या उबेत तयार करायला घ्यावीत, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीस ती पंधरावीस लिटरच्या कुंडीत जाण्याजोगी होतात. भेंडी, गवार, काकडी, दोडका, दुधी यांच्यासाठी मात्र थांबावे. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असे आपण म्हणतो, पण मातीला ती वाढ जाणवायला आणखी दोनतीन आठवडे जातात. मातीचे तापमान २० अंशांच्या खाली असताना पेरलेली भेंडी कुजते किंवा उगवून खुरटी राहते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी सात वाजता मातीत खुपसलेले बोट गारठेनासे झाले की पेरणी करावी. वेलवर्गीय बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, तळाला छिद्र पाडलेल्या चहाच्या कागदी पेल्यांत एकेक पेराव्यात. या पिकांना मुळे हललेली सोसत नाहीत, त्यामुळे तिसरे पान येताच पेल्याचा तळ फाडून, पेल्यासकटच ते रोप मोठ्या कुंडीत बसवावे आणि त्या दिवशी त्याला दुपारच्या उन्हापासून पुठ्ठ्याचा आडोसा द्यावा.